ओळखीच्या लेखकाची मुलाखत: पहिल्या फोनपासून छापील पानापर्यंत

नावाजलेल्या लेखकांच्या मुलाखतींना तोटा नसतो. तेच प्रश्न आणि तीच उत्तरं इतक्यांदा होऊन गेलेली असतात की नवा मुलाखतकार बहुतेक वेळा पुनर्मुद्रणच करतो. आपल्याच गावात राहणाऱ्या लेखकाचं उलटं असतं. दोन कवितासंग्रह, एखादी कादंबरी, थोडी भाषांतरं, वर्तमानपत्रातलं एक जुनं सदर एवढं नावावर असतं. पण ते कसं लिहून झालं, पहिला खर्डा कोणी वाचला, कुठून साभार परत आलं, हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. विचारलं तरी सत्काराच्या सुरात विचारतात: 'आपल्या लेखनामागची प्रेरणा काय?' मग उत्तरही सत्काराच्या सुरात येतं, आणि छापून आल्यावर घरच्यांपलीकडे ते कोणी वाचत नाही.

अशी मुलाखत म्हणजे नोंद आहे, गौरव नव्हे, असं मी मानतो. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात १९४८ साली अॅलन नेव्हिन्स या इतिहासकाराने लोकांच्या तोंडून आठवणी टिपून ठेवायचं काम सुरू केलं. त्यामागचा विचार साधा होता: पूर्वी जे पत्रांत आणि रोजनिशीत उतरायचं ते आता बोलण्यात विरून जातं, तेव्हा बोलणंच जपायला हवं. लेखकाबाबत हे विशेष खरं आहे. त्याचं पुस्तक ग्रंथालयात राहील. ते पुस्तक होण्याआधीची पाच वर्षं कुठेच राहणार नाहीत. पुढची सगळी कामाची पद्धत याच हिशेबाने सांगतो.

कोणाशी बोलायचं

पहिली यादी करायला बसलात की जी नावं पटकन सुचतील ती कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकांवरची असतील. ती राहू द्यात, पण यादी तिथे थांबवू नका. ग्रंथपालाला विचारा, गावातल्या कोणाची पुस्तकं खरोखर वाचायला नेली जातात. जुन्या पुस्तकविक्रेत्याला विचारा, कोण नियमित येतं. भाषांतरकार, मुलांसाठी लिहिणारे, नाटकाच्या संहिता लिहून देणारे, एकच पुस्तक लिहून थांबलेले, हे यादीत हवेतच. थांबलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त त्याच्याकडे कोणी जात नाही.

लिहीत नाहीत पण लेखनाच्या आसपास वावरले अशी माणसंही घ्या: मुद्रक, हस्तलिखितं टंकलिखित करून देणारे, मुद्रितशोधक, लेखकाचा जोडीदार. लेखक विसरलेला असतो ते यांना आठवतं.

क्रम ठरवताना वय बघा. हे बोलायला बरं वाटत नाही, पण सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे सर्वांत आधी जावं. तरुण लेखक पुढच्या वर्षीही भेटेल.

आधी वाचा

वाचल्याशिवाय जाऊ नका, हे कोणीही सांगेल. काय वाचायचं ते मात्र क्वचितच सांगितलं जातं. लेखकाचं सगळं वाचणं शक्य नसेल तर पहिलं पुस्तक आणि सगळ्यात अलीकडचं, ही दोन पूर्ण वाचा. मधलं चाळा. या दोन टोकांत काय बदललं ते वाचतानाच दिसतं, आणि तिथेच चांगले प्रश्न असतात.

वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि तीन प्रकारच्या जागांवर खूण करा. पहिली, जिथे तुम्ही थांबून पुन्हा वाचलं. दुसरी, जिथे लेखक घाईत सटकला असं वाटलं. तिसरी, जिथे एखादी गोष्ट त्याच्या दुसऱ्या पुस्तकातही येते: तीच विहीर, तोच मामा, तोच दरवाजा. तिसरी खूण सोन्यासारखी. आपल्या लिखाणात काय परत परत येतं हे लेखकाला पुष्कळदा ठाऊक नसतं, आणि तुम्ही ते दाखवलंत की तो पहिल्यांदाच विचार करून बोलतो.

अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, प्रस्तावना हेही नीट वाचा. साहित्यवर्तुळाचा नकाशा त्या दीड पानात असतो. कोणाचे आभार मानले, पहिल्या पुस्तकात असलेलं कोणाचं नाव तिसऱ्या पुस्तकातून गायब झालं, प्रकाशक का बदलला. हे लगेच विचारायचं नाही, पण टिपून ठेवायचं.

पहिला फोन

फोनवर चार गोष्टी स्पष्ट सांगा: तुम्ही कोण, कशासाठी बोलायचं आहे, किती वेळ लागेल आणि छापण्याआधी मजकूर त्यांना दाखवणार का. चौथी गोष्ट आपणहून सांगितली की समोरच्याचा आवाज सैल होतो. 'तुमचं अमुक पुस्तक नुकतंच वाचलं, त्यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल मला विचारायचं आहे,' एवढं वाक्य पुरतं. 'तुमच्या साहित्यप्रवासावर बोलू या' असं म्हणालात तर ते भाषण तयार करून बसतील.

वेळ दीड तासाची मागा. एक तास खरं बोलणं, उरलेला वेळ बसणं-उठणं आणि शेवटचं रेंगाळणं. दोन तासांपुढे दोघंही थकतात. जास्त लागेल असं वाटलं तर दुसरी बैठक ठरवा. दुसरी बैठक नेहमीच जास्त चांगली होते, कारण मधल्या दिवसांत त्यांना बरंच आठवलेलं असतं.

जागा शक्यतो त्यांची, म्हणजे ते जिथे लिहितात ती. टेबल, कप्पे, भिंतीवर चिकटवलेले कागद डोळ्यांसमोर असले की प्रश्नांना हात-पाय फुटतात. खाण्यापिण्याच्या सार्वजनिक जागा टाळा, तिथलं भांड्यांचं वाजणं रेकॉर्डिंगमधून काढता येत नाही.

एक जरा खाजगी सूचना. मुलाखत घेणारे बहुतेक जण स्वतः थोडंफार लिहीत असतात. आपलं हस्तलिखित पिशवीत घालून नेऊ नका. 'जाता जाता हे जरा बघाल का' हे वाक्य आलं की आधीचा तासभर त्यासाठीच होता असा अर्थ निघतो, आणि पुढच्या वेळी दार अर्धंच उघडतं.

प्रश्न

इथे वेळ घालवावा. बाकी सगळं शिकता येतं, प्रश्न मात्र प्रत्येक माणसासाठी नव्याने बनवावे लागतात.

साधा नियम असा: मत विचारू नका, काम विचारा. 'कथा म्हणजे तुमच्या मते काय?' याला व्याख्या मिळते. 'या कथेचा शेवट आधीपासून असाच होता का?' याला गोष्ट मिळते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणीही लेखक देऊ शकतो, दुसऱ्याचं फक्त तोच.

'प्रेरणा काय' ऐवजी: 'या कवितेची पहिली कोणती ओळ सुचली? ती आता कवितेत आहे का?' 'तुमची लेखनप्रक्रिया सांगा' ऐवजी: 'काल लिहिलंत का? किती वाजता? काय लिहिलंत आणि त्यातलं किती ठेवलंत?' 'आवडते लेखक कोण' ऐवजी: 'कोणाचं वाचून असं वाटलं की आपण असं लिहायचं नाही?' शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. त्यावर लोक आधी हसतात आणि मग खरं बोलतात.

एक जुनं उदाहरण या कामात कायम लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'द पॅरिस रिव्ह्यू' या इंग्रजी साहित्यिक नियतकालिकासाठी जॉर्ज प्लिम्प्टन यांनी घेतलेली अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेची मुलाखत १९५८ साली छापून आली. पुनर्लेखन किती करता, असं विचारल्यावर हेमिंग्वे म्हणाला की एका कादंबरीचं शेवटचं पान त्याने ३९ वेळा लिहिलं. आकडा ऐकून थक्क होऊन पुढच्या प्रश्नाकडे वळणं सोपं होतं. प्लिम्प्टन यांनी विचारलं, अडलं कुठे होतं? उत्तर आलं: शब्द नेमके बसवण्यात. लोकांच्या लक्षात राहिलं ते हे उत्तर, आणि ते केवळ पुढचा छोटा प्रश्न विचारल्यामुळे मिळालं. तुमच्या कागदावरचे प्रश्न फक्त दार उघडण्यापुरते. खरे प्रश्न हे असे, त्या क्षणी सुचणारे: 'म्हणजे कसं?', 'तेव्हा तुम्ही कुठे होता?', 'मग काय केलंत?', 'त्यावर ते काय म्हणाले?'

तरीही कागद हवाच. मी पंधराच्या आसपास प्रश्न लिहून नेतो आणि त्यातले निम्मे न विचारता परत आणतो. क्रम पुस्तकांचा ठेवावा. फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक त्रुफो यांनी १९६२ मध्ये दिग्दर्शक हिचकॉक यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली तेव्हा एकेक चित्रपट क्रमाने घेतला होता. लेखकाशी बोलताना तीच युक्ती चालते: पहिलं पुस्तक, मग दुसरं, मग तिसरं. आयुष्याचे प्रश्न वेगळे काढावे लागत नाहीत. 'हे आणि पुढचं पुस्तक यांत अकरा वर्षं गेली, त्या काळात काय चाललं होतं?' एवढं विचारलं की आजारपण, नोकरी, मुलं, निराशा सगळं आपसूक येतं, आणि किती सांगायचं ते त्यांच्या हातात राहतं.

पुस्तक सोबत न्या आणि पान उघडून पुढे ठेवा. 'एकोणचाळीसाव्या पानावर हा माणूस अचानक गावी निघून जातो. का?' लेखक पान हातात घेतो, मोठ्याने वाचतो, कधी कपाळाला हात लावतो. छापलेलं वाक्य समोर असलं की गुळगुळीत उत्तर देता येत नाही. जुनी हस्तलिखितं, खोडाखोड केलेली पानं दाखवतील का तेही विचारा. दाखवली तर त्यांच्या परवानगीने फोटो घ्या आणि एखाद्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारा, ही का गेली?

साहित्यवर्तुळाबद्दल कसं विचारायचं

'इथलं साहित्यिक वातावरण कसं आहे?' असं विचारलंत की दोनपैकी एक उत्तर ठरलेलं: पूर्वी फार छान होतं, किंवा आता फार गटबाजी आहे. दोन्ही बहुधा खरी असतात आणि दोन्हींचा नोंद म्हणून उपयोग शून्य.

वातावरण माणसांचं बनतं, म्हणून माणसं आणि जागा विचारा. पहिलं लिखाण कोणाला दाखवलं? ते काय म्हणाले, नेमक्या शब्दांत? कोणाच्या घरी जमायचात, किती जण, कोण वाचायचं आणि कोण फक्त ऐकायचं? तिथे बायका येत होत्या का? येत नसतील तर त्यांचं लिखाण कोण वाचायचं? पुस्तकं कोणाकडून उसनी आणायचात? पहिली नकाराची पत्रं अजून आहेत का? पहिल्या आवृत्तीचा खर्च कोणी केला आणि उरलेल्या प्रती आज कुठे आहेत? हा शेवटचा प्रश्न हळूच विचारावा, कारण उत्तर पुष्कळदा 'पलंगाखाली' असं असतं.

जमणं का थांबलं, हेही विचारा. वाचकमंडळं, काव्यवाचनाचे गट, लहान नियतकालिकं सुरू कशी झाली हे सगळे सांगतात. बंद कशी पडली हे कोणी लिहून ठेवत नाही. पैसे संपले, की भांडण झालं, की जी एक व्यक्ती सगळ्यांना फोन करायची तिची बदली झाली? माझ्या अनुभवात तिसरं कारण सगळ्यात जास्त सापडतं. आणि त्या फोन करणाऱ्या व्यक्तीचं नाव कुठल्याच पुस्तकाच्या ऋणनिर्देशात नसतं. ती हयात असेल तर पुढची मुलाखत तिची.

दुसऱ्या माणसांबद्दल कडवट बोलणं निघेलच. ऐकून घ्या, मध्ये पडू नका, मान डोलावून पक्षही घेऊ नका. छापताना दोन कसोट्या लावा: ज्याच्याबद्दल बोललं जातंय त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली का, आणि तो मजकूर काढला तर लेखनाबद्दलची काही माहिती बुडते का. दुसऱ्या कसोटीचं उत्तर 'नाही' असेल तर तो तपशील गेला तरी चालतो. चोरीचा, फसवणुकीचा आरोप पुराव्याशिवाय छापायचा नाही, मग सांगणारा कितीही खात्रीने सांगो.

रेकॉर्डिंग

फोन चालेल. विमान मोडवर टाका, चार्जिंग बघा, टेबलावर उघडा ठेवू नका. खाली घडी केलेला रुमाल किंवा वही ठेवा म्हणजे टेबलावरचे ठोके येत नाहीत. बोलणाऱ्यापासून हातभर अंतर पुरे. पंखा, टीव्ही, उघडी खिडकी यांचा बंदोबस्त आधी करा. दुसरं कुठलंही यंत्र असेल तर तेही चालू ठेवा. पहिल्या मिनिटात तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोलून घ्या, आणि 'रेकॉर्ड करतोय, चालेल ना?' हा प्रश्न व त्याचं उत्तर रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. अॅपमध्ये पर्याय असेल तर वेव्ह (WAV) स्वरूप निवडा, त्यात आवाज न दाबता साठवला जातो. एकपदरी (मोनो) रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते, तेवढी मोकळी आहे का ते निघण्याआधी बघा.

वहीत उत्तरं लिहीत बसू नका. वहीत फक्त रेकॉर्डिंगला न दिसणारं लिहा: त्यांनी कुठलं पुस्तक कपाटातून काढलं, कुठल्या प्रश्नाला गप्प झाले, कुठल्या नावावर आवाज बदलला. विशेषनामं मात्र लगेच लिहून घ्या आणि निघण्याआधी त्यांच्याकडून तपासून घ्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या अल्पजीवी नियतकालिकाचं नाव नंतर कुठेच सापडत नाही.

पॅरिस रिव्ह्यूच्या सुरुवातीच्या दिवसांत, म्हणजे १९५३ नंतर काही काळ, मुलाखतीला बरेचदा दोघं जात आणि दोघंही उत्तरं उतरवून घेत, मग आपापल्या नोंदी जुळवत. आज यंत्र असूनही दोघांनी जाण्यात फायदा आहे: एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकत राहायचं. सुटलेला धागा नेहमी दुसऱ्याला दिसतो. तिघं मात्र नकोत, तिघं गेले की त्याची सभा होते.

गप्प बसायला शिका. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा. निम्म्या वेळा ते स्वतःच पुढे बोलतात, आणि ते पुढचं आधीच्यापेक्षा चांगलं असतं. रेकॉर्डर बंद केल्यावर दारापर्यंत जाताना जे बोलतात ते तर सगळ्यात चांगलं असतं. तिथे गुपचूप पुन्हा चालू करायचा नाही. 'हे आत्ता म्हणालात ते वापरू का?' असं सरळ विचारायचं.

ऐकून उतरवणं

तासभराचं बोलणं म्हणजे सहा-सात हजार शब्द, आणि ते हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. आपोआप लिहून देणारी साधनं मराठीसाठीही आता आहेत. पहिला कच्चा मसुदा त्यांच्याकडून करून घ्यायला हरकत नाही, पण ती बोलीतले शब्द, विशेषनामं आणि एकमेकांवर बोललेली वाक्यं हमखास बिघडवतात. पूर्ण रेकॉर्डिंग एकदा कानाने ऐकत मसुदा तपासणं चुकत नाही. हे काम त्याच आठवड्यात करा, चेहरा अजून आठवतोय तोवर.

मराठीत उतरवताना एक निर्णय आधीच घ्यावा लागतो: 'केले' की 'केलं', 'मला वाटते' की 'मला वाटतं'? मुलाखत बोललेली आहे, तेव्हा अनुस्वाराची बोलती रूपं ठेवावीत असं माझं ठाम मत आहे. प्रास्ताविक तुम्ही हवं तर प्रमाण लेखी भाषेत लिहा. लेखक बोलीत बोलला असेल तर क्रियापदं सरसकट 'सुधारू' नका. वाचकाला अडेल तिथे एखादा शब्द स्पष्ट करा, बस. पण त्यांच्या एखाद्या उच्चाराची लकब गंमत म्हणून छापण्याचा मोहही नको. माणूस छापील पानावर हास्यास्पद दिसू लागतो.

संबोधनाचंही ठरवून टाका. घरोब्यामुळे तुम्ही त्यांना 'काका' किंवा 'ताई' म्हणत असाल, ते तुम्हाला 'अरे-तुरे' करत असतील. छापताना तुमच्या प्रश्नांत 'तुम्ही' ठेवा, त्यांच्या उत्तरातलं एखादं 'अरे' राहू द्या. नातं कळायला तेवढं पुरेसं आहे.

संपादन

बोललेलं जसंच्या तसं छापणं हा प्रामाणिकपणा वाटतो, पण कागदावर ते अडखळणारं आणि अन्यायकारक दिसतं. उलट फार घासलं तर माणूसच पुसला जातो. नमुन्यादाखल एक बेतलेला उतारा घेऊ. रेकॉर्डिंगमध्ये असं आहे:

'म्हणजे कसं, ती गोष्ट मी, म्हणजे तेव्हा नाही, नंतर, आई गेल्यावर लिहायला घेतली. म्हणजे घेतली आधीच होती पण ते, ते पहिलं पान फक्त. पहिल्या पानावर आजीच बोलते ना, तर ती बोलायची थांबेचना. मग मी काय केलं, आजीला काढूनच टाकलं. म्हणजे गोष्टीतून नाही, बोलण्यातून. ती गप्प. आणि मग झाली गोष्ट.'

उत्साही संपादक याचं असं करतो:

'आईच्या निधनानंतर मी या कथेच्या लेखनास प्रारंभ केला. आजी हे पात्र अतिबोलके होत असल्याने मी तिचे संवाद वगळले व कथा पूर्णत्वास गेली.'

माहिती तीच, माणूस गेला. करायला हवं ते एवढंच:

'पहिलं पान आधी लिहिलेलं होतं, पण गोष्ट खरी लिहायला घेतली ती आई गेल्यावर. पहिल्या पानावर आजी बोलते. ती बोलायची थांबेचना. मग मी आजीला काढूनच टाकलं. गोष्टीतून नाही, बोलण्यातून. ती गप्प, आणि मग झाली गोष्ट.'

'म्हणजे' गेले, अडखळणं गेलं, काळाचा क्रम लागला. शब्द मात्र जवळपास सगळे त्यांचेच राहिले. जोडायला म्हणून 'लिहिलेलं' आणि 'खरी' एवढे दोनच माझे, आणि तेही लेखकाला दाखवताना खुणेने दाखवायचे. विषय जुळवण्यासाठी विसाव्या मिनिटाचं उत्तर पन्नासाव्या मिनिटाच्या उत्तराशेजारी आणायला हरकत नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावणं मात्र निषिद्ध. उत्तर मिळाल्यावर आपला प्रश्न जास्त हुशार करणंही तसंच. प्रश्न छोटा करा, शहाणा करू नका.

सहा हजार शब्दांतले अडीच-तीन हजार छापायला पुरतात. काय काढायचं? पुस्तकाचं कथानक सांगणारी उत्तरं, पुरस्कारांची यादी, तुमची स्वतःची लांबलेली मतं. पुरस्कार आणि प्रकाशनवर्षं प्रास्ताविकाच्या चार ओळींत बसतात. तारखा आठवणीवर सोडू नका: पुस्तकाची पहिली आवृत्ती उघडून वर्ष बघा. लेखक स्वतःच्या पुस्तकांची वर्षंही बिनधास्त चुकवतात.

लेखकाला दाखवणं

पॅरिस रिव्ह्यूच्या मुलाखतींमध्ये लेखकाला मजकूर तपासू देण्याची आणि उत्तरं सुधारू देण्याची पद्धत आहे. बातमीदारीत असं करत नाहीत, कारण तिथे सत्ता असलेल्याला जाब विचारायचा असतो. आपलं काम वेगळं आहे, म्हणून दाखवावं. पण कुंपण आधीच घालावं. तथ्याची चूक, तिसऱ्या व्यक्तीला इजा करणारा तपशील, उत्तर अधिक स्पष्ट करणारी भर, हे मान्य. अख्खी मुलाखत पुस्तकी भाषेत पुन्हा लिहून पाठवणं अमान्य, आणि लेखक मंडळी हे हटकून करतात. तसं झालं तर फोन उचला, वादग्रस्त परिच्छेदाचं मूळ रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा. आपलाच आवाज ऐकून बहुतेक जण 'असू दे, हेच बरं आहे' म्हणतात. उत्तरासाठी दहा-बारा दिवसांची मुदत द्या आणि ती लेखी कळवा.

परवानगी आणि जपणूक

कायद्याचे बारकावे देशागणिक बदलतात, लेखी संमती सगळीकडे कामी येते. एवढा मजकूर पुरतो:

'दिनांक ____ रोजी ____ येथे ध्वनिमुद्रित झालेल्या माझ्या मुलाखतीचा संपादित मजकूर प्रसिद्ध करण्यास मी संमती देतो/देते. मूळ ध्वनिमुद्रण जतन करण्यास व अभ्यासकांना ऐकू देण्यास माझी संमती आहे / नाही. ____ हा भाग ____ सालापर्यंत खुला करू नये. माझ्या हस्तलिखितांच्या छायाचित्रांच्या वापराबाबत: ____.'

तिसरं वाक्य वगळू नका. काही आठवणी सांगाव्याशा वाटतात, पण आत्ता नको असतं. 'वीस वर्षांनी खुलं करा' अशी सोय आहे हे कळलं की लोक जास्त मोकळेपणाने बोलतात.

रेकॉर्डिंगच्या तीन प्रती हव्यात: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या जागी. फाइलच्या नावात तारीख, आडनाव आणि भाग क्रमांक टाका. 'नवीन रेकॉर्डिंग ४' या नावाने काहीच जपलं जात नाही. एक प्रत लेखकाच्या घरी द्या. शक्य असेल तर एक ग्रंथालयाला, संमतीपत्रासकट.

एकाच्या दहा करताना

एक मुलाखत म्हणजे एक माणूस. वर्तुळ दिसायला आठ-दहा तरी लागतात. त्यासाठी दोन-तीन प्रश्न सगळ्यांना तेच विचारा, शब्द न बदलता. उदाहरणार्थ: 'तुमचा पहिला वाचक कोण?', 'गावात कोणाच्या लिखाणाकडे दुर्लक्ष झालं असं वाटतं?', 'लिहायचं थांबवावं असं केव्हा वाटलं?' दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून पुढची यादी आपोआप तयार होते. एकच नाव तिघांनी घेतलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिकडे जा.

उत्तरं एकमेकांना छेद देतील. एक म्हणेल, आमचं वाचकमंडळ पैशांअभावी बंद पडलं. दुसरी म्हणेल, तिच्या कथेवर सगळे हसले आणि तिने येणं बंद केलं, तेव्हाच ते संपलं होतं. कोण खरं, याचा निवाडा करायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही छापा, दोन्ही ठिकाणी दुसऱ्या मुलाखतीचा उल्लेख करा. तारीख, जागा अशा पडताळता येणाऱ्या गोष्टी तेवढ्या तपासा.

जाहीर कार्यक्रमात मुलाखत घ्यायची असेल तर ती घरी होऊन गेलेल्या मुलाखतीनंतरच घ्या. व्यासपीठावर नवं काही सापडत नाही, सापडलेलं नीट मांडता येतं. पाऊण तास बोलणं, पंधरा मिनिटं श्रोत्यांचे प्रश्न, आणि ते चिठ्ठ्यांवर लिहून घेतलेले. नाहीतर प्रश्नाच्या नावाखाली भाषण होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लेखकाला सुरुवातीचे दोन प्रश्न सांगून ठेवा, उरलेले नको.

मुलाखत प्रसिद्ध झाली की छापील प्रत स्वतः नेऊन द्या, टपालाने नको. त्या भेटीत हमखास दोन गोष्टी मिळतात: एक दुरुस्ती, आणि 'अरे, हे तर सांगायचंच राहिलं' म्हणून सुरू होणारी एक नवी आठवण. तेव्हा रेकॉर्डर चार्ज करून न्या.